कामाच्या अ‍ॅपचे रंग: आधी काम ठरवा, मग छटा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बडोद्यात बसून तुम्ही दोघांनी रोजच्या कामांची यादी, आठवणी आणि वेळेची नोंद ठेवणारं अ‍ॅप केलं आहे. मराठी, गुजराती आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत ते चालतं. शिकवणी घेणारे, सीएच्या ऑफिसातली मुलं, छोटे दुकानदार ते वापरतात. अ‍ॅपमध्ये २४ थीम आहेत, तरी तक्रारी थांबत नाहीत: उन्हात दिसत नाही, डार्क मोडमध्ये अक्षर फुटतं, लाल खुणांनी यादी उघडावीशी वाटत नाही. आता सगळं नव्याने करायचं आहे आणि तुम्ही विचारताय, की एकाग्रतेला निळा चांगला की हिरवा, आणि थीम किती ठेवाव्यात.

थीमच्या आकड्याचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे. तीन. एक उजळ, एक गडद आणि एक जास्त कॉन्ट्रास्टची, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणात जास्त फरक असलेली. त्यांच्या आत माणसाला स्वतःच्या आवडीचा एक मुख्य रंग पाच-सहा पर्यायांतून निवडू द्या, बस. २४ थीम ठेवल्या की प्रत्येक थीममध्ये साधं बटण, दाबलेलं बटण, बंद बटण, निवडलेली ओळ, मुदत टळलेलं काम, पूर्ण झालेलं काम, कॅलेंडर, विजेट (फोनच्या होम स्क्रीनवर बसणारा अ‍ॅपचा चौकोन) हे सगळं तपासायला लागतं. दोन माणसांच्या टीमला ते जमत नाही, आणि न तपासलेली थीम म्हणजे कोणाच्या तरी फोनवर न दिसणारी मुदत.

निळा की हिरवा, हा प्रश्न मात्र मी बाजूला ठेवायला सांगेन. ‘निळ्याने लक्ष लागतं, पिवळ्याने उत्साह येतो’ अशा याद्या सगळीकडे फिरतात. पण एकाच रंगाचा अर्थ जागेप्रमाणे बदलतो, हे आपल्या गावात तर रोज दिसतं. दिवाळीत मांडवीच्या बाजूला चोपडापूजनाला, म्हणजे हिशेबाच्या वह्यांच्या पूजेला, जी वही ठेवतात तिचं कापड लाल असतं, वर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक असतं, आणि तो लाल शुभ असतो. त्याच दुकानदाराच्या फोनवर अ‍ॅपच्या चिन्हावरचा लाल ठिपका म्हणजे काहीतरी राहिलेलं असतं. दोन्ही अर्थ त्याला नीट कळतात, गोंधळ होत नाही. रंग कुठे आहे आणि कशासाठी आहे यावरून माणूस अर्थ लावतो. त्यामुळे अ‍ॅपचा मुख्य रंग निळा असो, जांभळा असो की मोरपंखी, कामाच्या अ‍ॅपच्या यशापयशात त्याचा वाटा फार नसतो. तो रंग कुठे वापरला आणि कुठे वापरला नाही, यावर सगळं ठरतं.

म्हणून रंगांचं पॅलेट उघडण्याआधी कागद घ्या आणि रंगाने काय काय सांगायचं आहे ते लिहून काढा. मागची जमीन. तिच्यावरचं कार्ड. मुख्य मजकूर. दुय्यम मजकूर, म्हणजे तारीख, टीप वगैरे. विभागणारी रेषा. मुख्य कृती, म्हणजे ‘काम जोडा’चं बटण. निवडलेली ओळ. आजचं काम. मुदत टळलेलं काम. झालेलं काम. असे दहा-बारा हुद्दे, म्हणजे रंगाने करायची कामं, होतील. तुमच्या अ‍ॅपात एवढीच कामं रंगाला आहेत. यात न बसणारा रंग स्क्रीनवर दिसला, तर तो का आहे हे एकमेकांना विचारा. ग्रेडियंटची, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात मिसळत जाणारी पट्टी बहुतेक वेळा इथेच गळते.

कोडमध्येही हेच करा. तुमच्या फाइलींत आज ‘निळा५००’, ‘राखाडी३००’ अशी नावं असणार. ती छटांची नावं तळाशी राहू द्या, पण स्क्रीन लिहिणाऱ्याने त्यांना थेट हात लावायचा नाही. त्याने फक्त ‘मुख्यकृती’, ‘दुय्यममजकूर’, ‘मुदतटळली’ अशी नावं वापरायची. मग उजळ थीममध्ये ‘मुख्यकृती’ गडद निळ्याकडे बोट दाखवेल, गडद थीममध्ये फिक्या निळ्याकडे, आणि एकाही स्क्रीनचा कोड बदलावा लागणार नाही. हे काम कंटाळवाणं आहे. एक-दोन आठवडे जातील. पण पुढचं सगळं यावर उभं आहे, म्हणून यात घाई करू नका.

आता दिसण्याबद्दल. वेबची मानकं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेच्या सुलभतेच्या नियमांत २००८ पासून एक माप आहे. दोन रंगांच्या उजळपणाचं गुणोत्तर काढायचं. पांढऱ्यावर काळं असेल तर ते २१ येतं. नेहमीच्या मजकुराला किमान ४.५ हवं, मोठ्या किंवा ठळक मोठ्या मजकुराला ३. पुढे २०१८ मध्ये बटणांच्या कडा, चिन्हं यांनाही किमान ३ ची अट आली. पडद्यावरचा रंग लाल, हिरवा, निळा यांच्या ० ते २५५ मधल्या तीन आकड्यांनी लिहितात; पांढऱ्या जमिनीवर सर्वांत फिका चालणारा राखाडी म्हणजे तिन्ही ११८. त्याचं गुणोत्तर जेमतेम ४.५४. तिन्ही १५३ असलेला राखाडी, जो तारखांना आणि टिपांना सर्रास लावतात, त्याचं २.८५ च येतं. ‘उन्हात दिसत नाही’ ही तक्रार तुमच्या मुख्य मजकुराबद्दल नसून बहुधा या फिक्या तारखांबद्दल असेल. कामाच्या अ‍ॅपमध्ये तारीख म्हणजे अर्धी माहिती. तिला दुय्यम म्हणून फिकट करणं मला पटत नाही. ती लहान असू द्या, फिकट नको.

उन्हाचं गणितही समजून घ्या. गुणोत्तर काढताना दोन्ही रंगांच्या उजळपणात ०.०५ मिळवतात, खोलीतला जो थोडा उजेड काचेवरून परावर्तित होतो त्याच्यासाठी ती सोय आहे. समजा दुपारी खंडेराव मार्केटच्या बाहेर उभ्या माणसाच्या फोनवर हे परावर्तन दहापट झालं, म्हणजे ०.०५ चं ०.५ झालं. मग पांढऱ्यावरच्या काळ्याचं २१ उतरून ३ वर येतं. नियमात बसणारा तो ११८ चा राखाडी २.२ वर येतो, आणि १५३ चा १.८ वर, म्हणजे जवळजवळ गेलाच. म्हणून बाहेर फिरून काम करणारे तुमचे ग्राहक असतील तर ४.५ वर समाधान मानू नका. मुख्य मजकुराला १२ च्या वर, तारखांना ७ च्या आसपास ठेवा. जास्त कॉन्ट्रास्टची तिसरी थीम मी याचसाठी सुचवली. ती म्हाताऱ्या माणसांसाठी म्हणून सेटिंगच्या तळाशी ढकलू नका. डिलिव्हरी करणारा पंचविशीतला मुलगाही ती लावेल.

केशरी आणि पिवळा यांच्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे ते सगळ्यांना हवे असतात. २५५-१५३-५१ हा केशरी घ्या. पांढऱ्यावर त्याचं गुणोत्तर २.१. म्हणजे केशरी अक्षरं पांढऱ्यावर वाचता येत नाहीत, आणि केशरी बटणावर पांढरी अक्षरंही नाहीत, कारण गुणोत्तर दोन्हीकडून तेच. पण त्याच केशरीवर काळं अक्षर लिहा, गुणोत्तर जवळपास १० येतं. केशरी वापरायचाच असेल तर तो जमीन म्हणून वापरा, अक्षर म्हणून नको, आणि त्यावर मजकूर गडद ठेवा. बटणावर पांढरीच अक्षरं हवीत, हा हट्ट सोडला की हे दोन्ही रंग उपयोगी पडतात.

आता तुमच्या स्क्रीनवरची सर्वांत धोक्याची जागा: ‘मुदत टळली’ला लाल गोल, ‘झालं’ला हिरवा गोल, दोन्ही एकाच मापाचे. लाल १९८-४०-४० आणि हिरवा ४६-१२५-५० घ्या, असे रंग पुष्कळ अ‍ॅपांत असतात. पांढऱ्यावर दोघंही उत्तम: लाल ५.६, हिरवा ५.१. पण त्या दोघांचं एकमेकांशी गुणोत्तर काढा. १.१ येतं. म्हणजे फोन करड्या रंगात टाकला तर दोन्ही गोल सारखेच दिसतात. लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्या माणसाला ते याच्याच जवळपास दिसतात. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून पुरुषांत जास्त; युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण दर १२ मागे एक आणि बायकांत दर २०० मागे एक असं प्रमाण सांगतात. तुमच्या वापरणाऱ्यांत अशी माणसं आहेतच, आणि त्यांतल्या काहींना स्वतःलाही ते ठाऊक नसेल.

उपाय रंग बदलण्यात नाही, रंगाला जोडीदार देण्यात आहे. झालेल्या कामाला बरोबरची खूण आणि मजकुरावर रेघ. मुदत टळलेल्याला वेगळ्या आकाराचं चिन्ह आणि शब्दांत ‘२ दिवस उशीर’. मग रंग पूर्ण काढून टाकला तरी यादी वाचता यायला हवी. हे तपासायला वेगळं काही लागत नाही: अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांत स्क्रीन करडी करण्याची आणि रंगदोष दाखवण्याची सोय आहे. अर्धा दिवस तुमचं अ‍ॅप करड्या स्क्रीनवर वापरा. जिथे अडखळाल तिथे चिन्ह किंवा शब्द कमी आहे.

‘लाल बघून अ‍ॅप उघडावंसं वाटत नाही’ ही तक्रार मी मनावर घेईन. आठ कामं राहिली आणि आठही ओळी लाल झाल्या, तर लाल काहीच सांगत नाही, फक्त ओरडतो. संपूर्ण ओळ रंगवू नका, मजकूर काळाच ठेवा, फक्त मुदतीचा शब्द आणि चिन्ह लाल ठेवा. आणि आठवड्यापेक्षा जुनं झालेलं काम लाल ठेवण्यात अर्थ नाही. ते एका शांत गटात हलवून ‘पुन्हा तारीख द्यायची का’ एवढं विचारा. रंग कमी करणं हीच इथे माणसाला मदत आहे.

किती ठिकाणी रंग वापरावा, याचा अंदाज यायला एक करून बघा. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. मोकळ्या दुपारी जा आणि कथा किंवा चेहरे न बघता फक्त उजळ रंग चित्रात किती जागा व्यापतो ते बघा. जमीन बहुतेक मंद आणि गडद, आणि जरीचा काठ, मोती, चेहऱ्यावरचा उजेड अगदी थोड्या जागेत. नजर तिथेच जाते, कारण बाकी सगळं गप्प आहे. तुमच्या यादीच्या स्क्रीनवर मुख्य रंग एकदाच दिसावा, ‘काम जोडा’वर, आणि फार तर निवडलेल्या टॅबवर. आज तो तुमच्याकडे वरच्या पट्टीत, चिन्हांत, रेषांत आणि तळाच्या मेनूत, चारही ठिकाणी आहे.

डार्क मोडकडे वळतो. अँड्रॉइड १० आणि आयओएस १३ मधून २०१९ मध्ये तो सगळ्या फोनभर आला, तेव्हापासून लोक गृहीतच धरतात. तो उजळ थीम उलटी करून होत नाही. एक उदाहरण पुरे: निळा २१-१०१-१९२ पांढऱ्यावर ५.७ देतो, छान. तोच निळा १८-१८-१८ या काळपट राखाडी जमिनीवर ३.३ वर येतो, मजकुराला अपुरा. तिथे १४४-२०२-२४९ सारखा फिका निळा घ्या, १०.७ मिळेल. हाच फिका निळा पांढऱ्यावर मात्र १.७ देतो. म्हणजे प्रत्येक रंग जोडीने निवडायचा, उजळसाठी एक आणि गडदसाठी एक. गडद जमिनीवर भडक रंग थरथरल्यासारखे दिसतात, म्हणून गडद जोडीदार फिका आणि थोडा मळकट असावा.

जमीन पूर्ण काळी करू नका. गूगलच्या मटेरियल डिझाइन या डिझाइनच्या नियमावलीने १८-१८-१८ सुचवला होता आणि त्याला कारणं आहेत: कार्ड उचललेलं दाखवायला त्याच्यापेक्षा थोडा उजळ राखाडी वापरता येतो, आणि ओलेड पडद्यावर, जिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, पूर्ण काळे ठिपके बंद असतात, यादी सरकवताना ते जागे व्हायला वेळ लागून मागे डाग ओढल्यासारखा दिसतो. बॅटरीसाठी म्हणून काळा ठेवायचा मोह होतो. परड्यू विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासात ओलेड फोनवर नेहमीच्या ३०–५० टक्के ब्राइटनेसला डार्क मोडने सरासरी ३ ते ९ टक्केच वीज वाचली; ब्राइटनेस पूर्ण असताना ती बचत ३९ ते ४७ टक्क्यांवर गेली. एलसीडी पडद्याच्या मागचा दिवा सारखा चालूच असतो, तिथे साधारण काहीच वाचत नाही. तेव्हा ‘बॅटरी वाचवा’ असं जाहिरातीत लिहू नका.

‘अक्षर फुटतं’ या तक्रारीत आपल्या लिप्यांचा भाग मोठा आहे, आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत तो सहसा सापडत नाही. गडद जमिनीवरचं पांढरं अक्षर डोळ्याला पसरून दिसतं. अ‍ॅस्टिग्मॅटिझम, म्हणजे तिरक्या नंबरचा दृष्टिदोष असणाऱ्याला तर फारच. इंग्रजी अक्षरांत आतली पोकळी मोठी असते, ती तग धरते. ‘क्ष’, ‘ष्ट’, ‘द्ध’ यांच्या पोकळ्या लहान, त्या भरून जातात. वर शिरोरेषा शब्दभर सलग, त्यामुळे पूर्ण पांढऱ्या मराठी मजकुराच्या तीन ओळी म्हणजे आधी तीन चमकत्या पट्ट्या दिसतात आणि अक्षरं नंतर. गुजरातीला शिरोरेषा नाही, म्हणून तीच थीम गुजरातीत ठीक वाटते आणि मराठीत त्रास देते. तुमच्या टीममध्ये तपासणी गुजराती किंवा इंग्रजीत होत असेल, तर ही गोष्ट निसटणारच. गडद थीममध्ये मजकूर पूर्ण पांढरा न ठेवता २२४-२२४-२२४ करा. १८-१८-१८ च्या जमिनीवर तरीही गुणोत्तर १४ च्या वर राहतं. देवनागरीचा आकार एक-दोन अंकांनी वाढवा, ओळींमध्ये थोडी जागा द्या, आणि लाइट वजनाचा, म्हणजे बारीक रेषांचा फॉन्ट गडद थीममध्ये वापरूच नका. फॉन्ट तिन्ही भाषांत एका कुटुंबातले घेतले तर रंगाचा भार सारखा दिसतो. इंडियन टाइप फाउंड्रीच्या ‘हिंद’ कुटुंबात देवनागरीसाठी ‘हिंद’ आहे आणि गुजरातीसाठी ‘हिंद वडोदरा’. दोन्हींत लॅटिन अक्षरं आहेत आणि दोन्ही गूगल फॉन्ट्सवर मोफत आहेत.

फोनच्या वॉलपेपरवरून रंग उचलण्याची सोय अँड्रॉइड १२ पासून, म्हणजे २०२१ पासून आहे. ती मुख्य रंगापुरती घ्या. ‘मुदत टळली’, ‘झालं’ हे रंग तिच्या हाती देऊ नका, ते तुमचेच राहू द्या. विजेट मात्र कुठल्याही वॉलपेपरवर बसतं, कोणाच्या घरातल्या गणपतीच्या फोटोवर, कोणाच्या बाळाच्या. तिथे पारदर्शक जमीन सुंदर दिसते आणि वाचता येत नाही. विजेटला स्वतःची पक्की जमीन द्या.

नवरात्र-दिवाळीच्या थीम बंद करायच्या का, असंही तुम्ही विचारलं आहे. बंद करू नका, लोकांना त्या मनापासून आवडतात, आणि नवरात्रात बडोद्यात रंगाशिवाय काही असूच शकत नाही. फक्त सणाचा रंग सुरुवातीच्या स्क्रीनवर आणि वरच्या पट्टीत ठेवा. यादीच्या जमिनीला, मजकुराला आणि मुदतींना हात लावायचा नाही. हुद्दे नीट पाडलेले असतील तर एक सणाची थीम म्हणजे दोनच नावांची छटा बदलणं, तासाभराचं काम.

तपासणी ऑफिसातल्या चांगल्या फोनवर करू नका. एक स्वस्त एलसीडी फोन घ्या, वर ओरखडे पडलेली टेम्पर्ड ग्लास असलेला असेल तर उत्तम. ब्राइटनेस एक-तृतीयांशावर ठेवून दुपारी रस्त्यावर, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली आणि रात्री दिवा बंद करून बघा. २५० आणि २४० अशा दोन राखाडींत फरक ठेवून कार्ड वेगळी केली असतील, तर या फोनवर ती एक होतील. तिथे बारीक रेषा द्या. साठी उलटलेल्या एखाद्याला फोन हातात द्या आणि ‘रंग कसे वाटतात’ असं विचारू नका, ‘उद्याचं पहिलं काम वाचून दाखवा’ असं सांगा. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, निळ्या छटा मंदावतात. फिक्या निळ्यावरचा पांढरा मजकूर इथेच उघडा पडतो.

राहिला प्रश्न जुन्या थीम निवडून बसलेल्यांचा. अपडेटनंतर त्यांचा जांभळा एका रात्रीत निळा झाला, तर ते रागावतील आणि तो राग रास्त असेल. प्रत्येक जुन्या थीमचा सर्वांत जवळचा मुख्य रंग तुम्हीच आधी ठरवून ठेवा आणि अपडेटमध्ये तोच आपोआप लावा. ज्याची थीम गडद होती त्याला गडदच द्या. थीमसाठी ज्यांनी पैसे दिले असतील त्यांना सगळे मुख्य रंग कायमचे मोकळे करा. पण जास्त कॉन्ट्रास्टची थीम आणि अक्षराचा आकार यांना कधीही पैसे लावू नका, ते सगळ्यांना पहिल्या दिवसापासून मिळालं पाहिजे. दोन-तीन आठवडे सेटिंगमध्ये ‘जुने रंग’ असा पर्याय ठेवा, कितीजण परत जातात ते बघा, आणि मगच तो काढा.